तूट

मार्चअखेर उत्पादन शुल्कचे साहेब येतात,
बगलेत रजिस्टर, हातात मोजपट्टी.
पिंपाच्या तोंडातून पट्टी आत सोडतात,
वर काढून ओलीची खूण बघतात
आणि म्हणतात, वहिनी, अकरा लिटर कमी भरतंय.

मी म्हणते, लाकूड पितं.
ते मान डोलावतात. एवढी तूट नियमात बसते.
रकान्यात आकडा, आकड्याशेजारी सही.
निघता निघता त्या गार खोलीत
एकदा खोल श्वास घेतात साहेब,
तो मात्र कुठल्याच रकान्यात धरत नाहीत.

उमराळ्याची आमची वायनरी
आधी कांद्याची चाळ होती.
फटी बुजवल्या, विटा चढवल्या, कर्ज काढलं,
सुरगाण्याची मंडळी कपाळाला बॅटऱ्या बांधून
पहाटे चारला घड काढायला बागेत शिरली,
आणि पहिल्याच वर्षी, जानेवारीत,
निफाडला पारा पाचावर आला त्या रात्री
दोन नंबरची टाकी आंबता आंबता थांबली.

बुडबुडे बंद.
उद्धव फोनवर, सल्लागार पुण्यात, रात्रीचे दोन.
चांगुणाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, टाकीला कान लावला,
गाभण गाईच्या कुशीला लावावा तसा.
मेली नाही, म्हणाल्या, गारठलीय.
घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या आणल्या,
नऊ. त्यात एक माझ्या बाळंतपणाची.
टाकीला गुंडाळल्या, वरून दावं आवळलं,
आणि आम्ही रिकाम्या पोत्यांवर कुडकुडत पडलो.
उजाडताना नळीतून एक बुडबुडा आला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

ती वाइन काही फार चांगली झाली नव्हती.
पण खपली. पुढची बरी झाली, त्यापुढची आणखी बरी.
आता बारा वर्षं. हप्ते फिटले.
रविवारी धरण बघून गाड्या इकडे वळतात,
लोक ग्लास फिरवतात, डोळे मिटतात,
कुणाला जांभूळ लागतं, कुणाला चामडं.

सासूबाई थेंब घेत नाहीत. नुसता ग्लास नाकाशी नेतात.
ही पंपाच्या खोलीसारखी.
ही न्हाऊ घातलेल्या लेकराच्या टाळूसारखी.
ही अजून कुढतीय, विकू नका.
उद्धव ते खडूनं पिंपावर लिहून ठेवतो.
पाहुणे फोटो काढतात. वाटतं, आम्ही गंमत करतो.
सल्लागाराचं यंत्र आठवड्यानं जे सांगतं
ते खडू आधीच सांगून बसलेला असतो.

दिवाळीत त्यांना ताप आला होता. चार दिवसांत उतरला.
नंतर एकदा दूध करपलं, घरभर वास,
आणि त्या चुलीपाशीच, गवार मोडत बसलेल्या.
मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.
दोघींनी पातेलं घासलं, बोललो नाही.

अजूनही त्या ग्लास नाकाशी नेतात,
थोडं थांबतात,
काहीतरी सांगतात. सात नंबरला म्हणाल्या,
आमच्या माहेरच्या विहिरीसारखी,
आत डोकावल्यावर यायची तशी.
उद्धवनं लिहिलं. मी लिहू दिलं.

दर पंधरवड्याला पिंपं भरून घ्यायची असतात.
वर जागा राहिली की हवा शिरते, आंबट होतं सगळं.
काल रात्री मी सात नंबरवर नळी धरून उभी,
टॉर्च नेमकी मेलेली, आत काही दिसेना,
किती झालं, किती राहिलं.
त्या शेजारी स्टुलावर, पदर कानामागे सारून.
पिंप भरत येतं तसा आवाज बारीक होत जातो,
हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं.

अजून, म्हणाल्या.
अजून थोडं.
हां, बस. आलं वर.